लिहिले लातूरच्या दुकानदाराने, नोटीस आली साखर पेठेत

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) :

वकीलताई, मी साखर पेठेत राहतो. आमचे घर तीन पिढ्या यंत्रमागावर जगले. मी स्वतः टेरी टॉवेल आणि चादरींचा घाऊक व्यापार करतो आणि चार वर्षांपासून एक छोटी वेबसाइट चालवतो. सोलापुरात माल घेताना आलेले बरेवाईट अनुभव बाहेरगावचे दुकानदार तीवर लिहितात. गेल्या महिन्यात लातूरच्या एका दुकानदाराने अक्कलकोट रोडवरील एका कारखान्याचे नाव घेऊन लिहिले की, १०० टक्के सुती म्हणून घेतलेल्या टॉवेलांत पॉलिस्टर निघाले आणि तक्रार केल्यावर आगाऊ रक्कमही परत मिळाली नाही. मी त्या मजकुराला 'सावधान! हा कारखाना फसवतो' असा मथळा दिला, तो सर्वांत वर ठेवला आणि आमच्या २४० व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकला. आता कारखान्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांत मजकूर काढा, लिहिणाऱ्याचे नाव आणि मोबाइल नंबर द्या, जाहीर माफी मागा आणि १० लाख रुपये भरपाई द्या. अन्यथा भारतीय दंड विधान कलम ४९९, ५०० आणि माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६६ अ खाली कारवाई करू, असे त्यात म्हटले आहे. वडील म्हणतात, वेबसाइटच बंद कर, मोठ्यांच्या नादी लागू नकोस. मित्र म्हणतो, नोटीस टोपलीत टाक, अमेरिकेत वेबसाइटवाल्याला कोणी हातही लावत नाही. मी तर लिहिलेच नाही, मग मी दोषी कसा? मी काय करावे? आणि यापुढे प्रत्येक मजकूर आधी तपासूनच टाकू द्यावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि सोबतची नोटीस मी दोनदा वाचली. वडील सांगतात तशी वेबसाइट बंद करण्याची गरज नाही, आणि मित्र सांगतो तशी नोटीस टोपलीत टाकण्याची चूकही तुम्ही करू नये. 'मी लिहिलेच नाही' हे तुमचे म्हणणे लातूरच्या दुकानदाराच्या मजकुरापुरते खरे आहे आणि तेवढ्यापुरता कायदा बऱ्याच अंशी तुमच्या बाजूने आहे. त्या मजकुरावरचा मथळा मात्र तुमचा आहे. तो मजकूर सर्वांत वर तुम्ही ठेवला आणि गटावरही तुम्हीच टाकला. नोटिशीने या दोन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधल्या आहेत आणि तुमच्या पत्रातही त्या एकत्रच आल्या आहेत. ती गाठ सोडवणे हे तुमचे पहिले काम आहे.

आपल्याकडे चौकाचौकांत मंडळांचे वार्ताफलक असतात. समजा, रात्री कोणीतरी येऊन अशा फलकावर एका दुकानदाराविरुद्ध खडूने चार ओळी लिहून गेला. फलक मंडळाचा असला तरी त्या ओळी मंडळाच्या नव्हेत, हे कोणालाही पटेल. सकाळी मंडळाच्या चिटणीसांनी त्या ओळी वाचून त्यांच्याखाली लाल खडूने जाड रेघ ओढली आणि शेजारी 'हा लुटारू आहे' असे लिहिले, तर ते शब्द चिटणीसांचे झाले. वरच्या चार ओळी दुसऱ्याच्या आहेत या सबबीने त्यांना आपल्या शब्दांतून सुटता येणार नाही. तुमचा मथळा म्हणजे ही लाल खडूची रेघ आहे.

वृत्तपत्रांची गोष्ट वेगळी असते. वाचकांच्या पत्रव्यवहाराखाली 'पत्रलेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत, पण त्या ओळीने संपादक जबाबदारीतून मोकळा होत नाही. आलेल्या पत्रांतून एक निवडणे, ते कापणे आणि छापणे हे सर्व त्याच्या हातून होते, म्हणून छापलेल्या प्रत्येक पत्राचा जाब त्याला विचारता येतो. वेबसाइटवर शेकडो माणसे स्वतःच्या हाताने लिहितात आणि चालक त्यातले पुष्कळसे वाचूही शकत नाही. हा फरक ओळखूनच कायद्याने वेबसाइट चालवणाऱ्याला 'मध्यस्थ' असे वेगळे नाव दिले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील या व्याख्येत दूरसंचार कंपन्या, शोधयंत्रे आणि ऑनलाइन बाजारपेठा यांच्याबरोबर सायबर कॅफेसुद्धा येतात. त्यामुळे 'माझी वेबसाइट लहान आहे, मला हे लागू होईल का' अशी शंका मनात असेल तर ती काढून टाका.

मध्यस्थाला संरक्षण देणारे कलम आहे ७९. ते आज जसे आहे तसे सुरुवातीपासून नव्हते. २००४ मध्ये एका लिलावाच्या वेबसाइटवर कोणा वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विक्रीला ठेवली आणि त्या वेबसाइटच्या प्रमुखालाच दिल्लीत अटक झाली. स्वतः न ठेवलेल्या वस्तूसाठी माणूस कोठडीत जातो हे पाहून देशभर चर्चा झाली. पुढे २००८ च्या दुरुस्तीने हे कलम नव्याने लिहिले गेले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. त्या तारखेचे महत्त्व किती, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गुगल इंडिया विरुद्ध विसाका इंडस्ट्रीज या खटल्यात दाखवून दिले. दुरुस्तीपूर्वीच्या बदनामीकारक मजकुराबाबत जुने कलम ७९ कामाला येत नाही, असे सांगून न्यायालयाने ती फौजदारी तक्रार रद्द करण्यास नकार दिला. तुमचे प्रकरण दुरुस्तीनंतरचे असल्याने तुम्हाला नवे, अधिक रुंद संरक्षण मिळते.

या संरक्षणाला अटी आहेत. मजकुराचे प्रसारण तुम्ही सुरू केलेले नसावे, तो कोणाकडे जावा हे तुम्ही ठरवलेले नसावे आणि त्यातली माहिती तुम्ही निवडलेली किंवा बदललेली नसावी. त्याशिवाय सरकारने ठरवून दिलेली दक्षता तुम्ही पाळलेली असावी. गैरकृत्यात तुमची साथ किंवा चिथावणी असेल, अथवा बेकायदा मजकुराची 'प्रत्यक्ष जाणीव' झाल्यावरही तुम्ही तो तातडीने हटवला नसेल, तर संरक्षण संपते.

'प्रत्यक्ष जाणीव' म्हणजे काय, यावर तुमची अर्धी नोटीस उभी आहे. कारखान्याचे वकील लिहितात की, नोटीस मिळताच तुम्हाला जाणीव झाली, आता मजकूर ठेवला तर तुम्ही दोषी. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. प्रत्यक्ष जाणीव म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सक्षम सरकारी यंत्रणेची अधिसूचना, असा त्या शब्दांचा अर्थ न्यायालयाने लावला. यामागचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. कोणाही खासगी व्यक्तीच्या पत्रावर वेबसाइटवाल्याने मजकूर खरा की खोटा हे ठरवायचे, तर तो न्यायाधीश होऊन बसेल, आणि न्यायाधीश होण्याची ताकद नसल्यामुळे भीतीपोटी सगळेच काढून टाकेल. मग ज्याच्याकडे वकील लावायला पैसे आहेत त्याच्याविरुद्ध एक शब्दही टिकणार नाही. लातूरच्या दुकानदारासारख्या छोट्या गिऱ्हाइकाला आपला अनुभव सांगायला तुमच्या वेबसाइटसारख्या जागा फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्या केवळ एका पत्राच्या धाकाने बंद पडू नयेत असे मला मनापासून वाटते.

याच निकालाने ६६ अ हे कलमही घटनाबाह्य ठरवून रद्द केले. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली ती याच कलमाखाली, आणि तिथूनच हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे तुम्हाला ज्या कलमाची धमकी दिली आहे ते २०१५ पासून अस्तित्वातच नाही. भारतीय दंड विधानाचेही तसेच आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून बदनामीचा गुन्हा आता कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा. नोटिशीतल्या या चुकांवर समाधान मानून थांबू नका, कारण कलमाचा आकडा चुकला म्हणून तक्रार मरत नाही. तरी घाबरण्याआधी एवढे लक्षात घ्या की, बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटाशिवाय तुम्हाला अटकही करू शकत नाहीत. कारखान्याला स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद द्यावी लागेल, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम २२३ नुसार फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी मिळेल.

आता मथळ्याकडे येते. 'सावधान! हा कारखाना फसवतो' हे तुमचे विधान आहे आणि त्याला कलम ७९ ची सावली मिळणार नाही. त्याचा बचाव तुम्हाला कोणत्याही लेखकासारखा, बदनामीच्या कायद्यातील अपवादांवर करावा लागेल. विधान खरे आणि सार्वजनिक हिताचे असणे हा पहिला अपवाद आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेला सावधगिरीचा इशारा हा दहावा अपवाद आहे आणि तो तुमच्या मनातल्या हेतूशी बराच जुळतो. पण सद्भावना म्हणजे निव्वळ चांगला हेतू नव्हे; कायद्याच्या भाषेत तिच्यात पुरेशी काळजी घेणेही येते. मथळा देण्याआधी तुम्ही कारखान्याला विचारले होते का? लातूरचे बिल पाहिले होते का? टॉवेल हातात घेऊन पाहिला होता का? तुमच्या पत्रावरून तरी यातले काही झालेले दिसत नाही. लातूरच्या दुकानदाराने एका व्यवहाराची हकिकत सांगितली होती. तुमच्या मथळ्याने तो कारखाना नेहमीच फसवतो असे सांगितले. एका अनुभवावरून तुम्ही माणसाचा स्वभाव जाहीर केलात, आणि ते सिद्ध करण्याचे ओझे तुमच्या खांद्यावर आले.

यात एक गोष्ट अधिक टोचणारी आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. तुम्ही स्वतः टॉवेल विकता. समोरचे वकील पहिल्याच सुनावणीत विचारतील की, स्पर्धकाचा माल खराब आहे असा मथळा देऊन तो महिनाभर सर्वांत वर ठेवण्यामागे तुमचा हेतू काय होता? तुमचे उत्तर प्रामाणिक असेल, पण वेबसाइटवर तुम्ही व्यापारी आहात असे कुठेही लिहिलेले नसेल तर ते ऐकणाऱ्याला पटणे कठीण जाईल. वेबसाइटच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, 'चालक स्वतः टॉवेल व चादरींचे घाऊक विक्रेते आहेत' एवढी ओळ आजच घाला.

मजकूर वर ठेवल्यामुळे मूळ मजकुराचेही संरक्षण गेले का, हा प्रश्न अवघड आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ख्रिश्चन लुबुतॅं या बूट बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात म्हटले की, व्यवहारात सक्रिय भाग घेणाऱ्या वेबसाइटला मध्यस्थाचे संरक्षण मिळणार नाही. त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि ॲमवे यांच्या वादात सक्रिय आणि निष्क्रिय मध्यस्थ असा भेद कलमात नाही, असे सांगितले. दुसरे मत तुम्हाला अनुकूल आहे, पण त्याच्या आधारावर झोप काढण्यापेक्षा मजकूर आपल्या तारखेच्या क्रमाने खाली जाऊ देणे शहाणपणाचे आहे. म्हणून माझा सल्ला असा की, आजच्या आज मथळा काढा आणि वर ठेवलेला मजकूर त्याच्या मूळ जागी न्या. लातूरचा मूळ मजकूर तूर्त जसाच्या तसा राहू द्या. त्यातला एखादा कडक शब्द सौम्य करून ठेवावा असा मोह होईल, पण तसे अजिबात करू नका, कारण शब्द बदललात की 'माहितीत फेरफार केला नाही' ही कायद्याची अट तुम्ही स्वतः मोडली असे म्हणायला जागा मिळेल. ठेवायचा तर पूर्ण ठेवा, काढायचा तर पूर्ण काढा.

मथळा काढण्यापूर्वी मात्र पुरावा जपा. आज पान जसे दिसते त्याचे तारीख आणि वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, आणि लातूरच्या दुकानदाराने कोणत्या खात्यातून, कधी आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून लिहिले त्या सर्व्हरवरील नोंदी उतरवून ठेवा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका पक्षकाराने नोटिशीला घाबरून वादाचा मजकूर, खाते आणि नोंदी एका रात्रीत पुसून टाकल्या होत्या. नंतर समोरच्याने म्हटले की तो मजकूर यानेच खोट्या नावाने लिहिला, आणि दुसऱ्याने लिहिला हे दाखवायला त्याच्याजवळ एक कागद उरला नव्हता. मजकूर काढावा लागला तरी तो आणि त्याच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन २०२१ च्या मध्यस्थ नियमांत आहे. न्यायालयात हा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या कायद्यात तेच ६५ ब म्हणून ओळखले जात असे.

नियमांचा विषय निघालाच आहे तर दक्षतेच्या अटीबद्दल सांगते, कारण लहान वेबसाइटवाले नेमके इथे अडकतात. कलम ७९ चे संरक्षण आपोआप मिळते असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात २५ फेब्रुवारी २०२१ चे नियम पाळले तरच ते मिळते. वेबसाइटवर वापराचे नियम आणि गोपनीयतेचे धोरण वाचता येईल अशा ठिकाणी असले पाहिजे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क दिलेला असला पाहिजे. एकट्याची वेबसाइट असेल तर ते नाव तुमचेच द्या. आलेल्या तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. तक्रारीचा निकाल १५ दिवसांत आणि न्यायालयाचा अथवा सरकारचा आदेश आल्यास ३६ तासांत मजकूर हटवणे, अशा मुदती मूळ नियमांत होत्या. या नियमांत वारंवार दुरुस्त्या होतात आणि मुदती आवळण्याकडे सरकारचा कल आहे, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून सध्या लागू असलेले नियम उतरवून घ्या आणि त्यातली मुदत पाळा.

इथे तुम्हाला वाटेल की, श्रेया सिंघलच्या निकालाने खासगी नोटिशीवर मजकूर हटवण्याचे बंधन नाही, मग तक्रारीचा निकाल तरी का द्यायचा? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तक्रार ऐकून तिच्यावर निर्णय देणे तुमच्यावर बंधनकारक आहे. तो निर्णय कारखान्याच्याच बाजूने असला पाहिजे असे नाही. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीत तर वापरकर्त्यांनी काय टाकू नये या नियमातून 'बदनामीकारक' हा शब्दच वगळण्यात आला, कारण मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे न्यायालयाने ठरवायचे. नग्नता किंवा कोणाचे तरी सोंग घेऊन टाकलेली चित्रे यांबाबत नियम फार कडक आहेत आणि तिथे न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायची नसते. कारखान्याच्या कॅटलॉगमधला फोटो कोणी उचलून टाकला असेल तर स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) प्रश्न येतो, आणि त्यात नेमक्या मजकुराकडे बोट दाखवणारी खासगी तक्रारसुद्धा जाणीव मानली जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मायस्पेसच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे. तसा फोटो असेल तर तो काढून टाका, त्यावर वाद घालू नका.

लिहिणाऱ्याचे नाव आणि नंबर खासगी वकिलाला देऊ नका. कायद्याने अधिकार असलेल्या तपास यंत्रणेने लेखी आदेश दिला तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत माहिती द्यावी लागते आणि न्यायालयाने मागितली तर द्यावीच लागेल. नोटीस हा त्यातला एकही आदेश नाही. मात्र लातूरच्या दुकानदाराला आज फोन करा, नोटिशीची प्रत पाठवा आणि तो आपल्या मजकुरावर ठाम आहे का ते लेखी विचारा. त्याने मजकूर मागे घेतला तर तुमचा निम्मा वाद तिथेच संपेल.

तो ठाम राहिला तर मालाकडे वळा. तुमच्या घरात तीन पिढ्या सूत हाताळले गेले आहे, त्यामुळे पुढची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. टेरी टॉवेलमध्ये वरच्या लूपचे सूत वेगळे असते आणि तळाच्या विणीचे वेगळे. दोन्हीकडचा एकेक धागा ओढून वेगवेगळा जाळून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी करडी राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला कडक काळा मणी धरते. लूप निखळ सुती आणि तळात मिश्र सूत असे निघाले, तर कारखाना म्हणेल की, १०० टक्के सुती हे आम्ही लूपबद्दल बोललो होतो, आणि मग बिलावर नेमके कोणते शब्द आहेत यावर सगळे ठरेल. म्हणून बिल पाहिल्याशिवाय कोणत्याही बाजूने एक अक्षर लिहू नका. घरची परीक्षा तुमच्या माहितीसाठी. न्यायालयासाठी एक न वापरलेला टॉवेल सीलबंद ठेवायला सांगा आणि मान्यताप्राप्त वस्त्र प्रयोगशाळेचा अहवाल दुकानदाराने आपल्या नावावर घ्यावा.

मित्राने अमेरिकेचा दाखला दिला, तो अर्धवट आहे. तिथे १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने प्रॉडिजी या कंपनीला वापरकर्त्याच्या मजकुराबद्दल प्रकाशक ठरवले, आणि कारण असे दिले की ही कंपनी मजकूर तपासून गाळते. म्हणजे जो स्वच्छता ठेवतो तोच अडकणार. ही उलटी गोष्ट सुधारण्यासाठी १९९६ च्या त्यांच्या कायद्यात कलम २३० आले; दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी वेबसाइटवाल्याला प्रकाशक धरायचे नाही, असे ते सांगते. ते सोलापूरच्या न्यायालयात लागू नाही. पण तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे की, प्रत्येक मजकूर आधी तपासूनच टाकू द्यावा का, त्याचे उत्तर या इतिहासात आहे. २०२१ च्या आपल्या नियमांतही स्पष्ट तरतूद आहे की, नियमात न बसणारा मजकूर स्वतःहून किंवा तक्रारीवरून हटवला म्हणून मध्यस्थाचे संरक्षण जात नाही. तेव्हा शिवीगाळ, जातीधर्मावरची विधाने, कोणाचे खासगी फोटो किंवा फोन नंबर दिसताच निर्धास्तपणे काढा. प्रत्येक अनुभव आधी वाचून पसंत असेल तोच प्रसिद्ध करायची पद्धत मात्र घेऊ नका. त्या वाटेने तुम्ही हळूहळू वृत्तपत्राच्या संपादकाच्या खुर्चीत जाऊन बसाल.

व्हॉट्सॲप गटाबद्दल थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले की, दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला गटाचा ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या गटावर मात्र मथळ्यासह मजकूर तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे हा निकाल तुमच्या उपयोगाचा नाही. तो संदेश आता पुसून फारसा लाभ नाही, २४० फोनांत तो पोहोचला आहे. त्याऐवजी गटावर एवढेच कळवा की, आधीच्या संदेशाचा मथळा तुम्ही मागे घेत आहात आणि कारखान्याची बाजू मागवली आहे.

ती बाजू खरोखर मागवा. नोटिशीच्या उत्तरात लिहा की, तुमच्या अशिलाचे निवेदन आम्ही मूळ मजकुराच्या लगेच खाली, एकही शब्द न बदलता, प्रसिद्ध करू. पुष्कळ कारखानदारांना खटला नको असतो, आपले म्हणणे त्याच ठिकाणी दिसावे एवढेच हवे असते. उत्तरात पुढे लिहा की, मूळ मजकूर तिसऱ्या व्यक्तीचा असून तुम्ही कलम ७९ खाली मध्यस्थ आहात, सक्षम न्यायालयाचा आदेश आल्यास तो विनाविलंब पाळाल, वापरकर्त्याची माहिती कायदेशीर आदेशाशिवाय देणार नाही, आणि मथळा कोणतीही कबुली न देता, सर्व हक्क अबाधित ठेवून, मागे घेतला आहे. जाहीर माफी आणि १० लाखांची मागणी सध्या नाकारा. मालाचा अहवाल कारखान्याच्या बाजूने आला तर मथळ्याबद्दल माफी मागणे हे तुमचे कर्तव्यच ठरेल, आणि तेव्हा वकिलाने सांगायची वाट पाहू नका. हे उत्तर स्वतः लिहून पाठवू नका. कोणत्याही परिचित वकिलाकडून स्पीड पोस्टाने पाठवा.

यानंतर कारखाना दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मागू शकतो. बदनामीच्या भरपाईच्या दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, म्हणजे वर्षभर तुम्हाला कागद हाताशी ठेवावे लागतील. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेच तर वडिलांना सांगा की, त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

७ दिवसांची मुदत नोटिशीवरच्या तारखेपासून मोजू नका. ती तुमच्या हाती पडली त्या दिवसापासून मोजा, आणि टपालाचे पाकीट शिक्क्यासह फाइलला लावून ठेवा.